तेलातला का पाण्यातला

आमच्या घरमालकांच्या जिन्यात एक पाटी होती. 'अंडी, मासे, मटण : आणणे, शिजवणे व त्याविषयी बोलणे बंद.' आणणं आणि शिजवणं मला समजत होतं. बोलण्याचं कळायला थोडा वेळ लागला. एकदा जिना चढता चढता मी बायकोला फोनवर म्हणालो, "रविवारी पोरांना कोंबडी कर," तर खालून आवाज आला, "प्रयोगशाळा, पाटी!"

मला ते 'प्रयोगशाळा' म्हणत. धाराशिवला माती तपासायच्या प्रयोगशाळेत माझी बदली झाली होती. बायको-पोरं गावाकडं, ईटला. मी मालकांच्या वरच्या खोलीत एकटा. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण नावावरून माणसाचा उपयोग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला लहानपणापासून कशाचाही अपराध वाटतो. माझा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला तर वाटतोच, पण दुसऱ्याचा माझ्या पायावर पडला तरी 'माफ करा' मीच म्हणतो. अशा माणसानं त्या पाटीखालच्या जिन्यानं रोज वर जायचं, आणि ज्या रविवारी गावी जाणं झालं नाही त्या रविवारी बटाट्यांच्या आड लपवून कुकरमध्ये दोन अंडी उकडायची, म्हणजे काय अवस्था होत असेल विचार करा. टरफलं मी खिशात घालून बसस्टँडवर नेऊन टाकत असे. जाताना मालक ओसरीवर दिसले की मी त्यांना गरजेपेक्षा जास्त वाकून नमस्कार करत असे, आणि खिशात चुरचुर आवाज होत असे.

मालक एका सरकारी कचेरीत भांडारपाल होते. खुर्च्या, केरसुण्या, फिनेल, सुतळी, कुलपं, कचेरीला जे जे लागतं ते सगळं त्यांनी हयातभर विकत घेतलं, पण स्वतःच्या मर्जीनं काही घेतलं नाही. तीन दुकानांचे भाव, तीन नमुने, तुलना, मग निवड आणि निवडीचं कारण. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, रीत सुटली नाही. घरात लागणारी साधी केरसुणी तीन ठिकाणच्या तीन आणून अंगणाचे तीन भाग झाडून बघितल्याशिवाय ठरत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की विचारत, "आधी उजवी बाजू का? कारण?"

"कारण?" हा त्यांचा शब्द. तो ते असा काही विचारत, की समोरच्याला आपण उगाचच जगतोय असं वाटावं.

आणखी एक सवय होती. बाजारात ज्याचा माल घेतला नाही त्याच्याकडं ते परत जात आणि सांगत, "तुमची वांगी नाकारली. कारण, देठं वाळलेली हायेत." त्यांच्या मते हा शिष्टाचार होता. नाकारलेल्याला कारण कळलं पाहिजे, नाहीतर तो रात्रभर तळमळतो. तेरहून येणारी एक भाजीवाली तर त्यांना लांबून बघताच ओरडायची, "सांगा बाबा, आज काय खोट काढली माज्या मेथीत?" आणि ते थांबून सांगायचे. ती शिव्या द्यायची आणि पुढच्या बाजाराला मेथी निवडून आणायची.

गल्लीतले सांगत, त्यांची बायको होती तोवर घरात एक माणूस असा होता ज्याला ते कारण विचारत नसत. सुरुवातीला विचारत. ती म्हणायची, "वाटलं म्हणून." त्यावर पुढचा प्रश्न त्यांच्या रीतीत बसत नव्हता, म्हणून ते गप्प बसत. ती गेली ती माझ्या बदलीच्या आधी. मी आलो तेव्हा मालक स्वतः भाकरी थापत होते, आणि त्या भाकरीचा आवाज वर माझ्या खोलीत ऐकू येत होता.

त्यांची एकुलती लेक शुभा. जावई मालदीवला एका हॉटेलात हिशेब बघायचा, म्हणून ती पण तिकडंच. चारी बाजूंनी समुद्र, सकाळ-संध्याकाळ मासे. मालकांनी हे मनाला लावून घेतलं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाची लेक समुद्रात राहते म्हटल्यावर काय करणार, ते पाटीच्या हद्दीबाहेरचं होतं.

पण पाचव्या महिन्यात शुभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि समुद्र पाटीच्या हद्दीत आला.

तिला काही पोटात ठरत नव्हतं. वरण-भात उलटायचा, भाकरी उलटायची, दही उलटायचं. मालक शेंगदाण्याची चटणी तीन तऱ्हेनं कुटून बघत होते, तिन्ही उलटल्या. पोरीचे डोळे खोल गेले. बार्शीहून तिच्या सासूबाईंचा फोन यायचा आणि मालक तो हात लांब धरून ऐकायचे, तरी मला जिन्यात ऐकू यायचा. "व्याही, घरात बाईमाणूस न्हाय. पोर सुकायलीय. डोहाळजेवणाला येते मी, तवा बघते. जमत नसलं तर घेऊन जाते सरळ."

शुभाला जायचं नव्हतं. आईच्या खोलीत, आईच्या पलंगावर तिला बाळंत व्हायचं होतं, एवढंच ती म्हणे. पण मालकांकडं बघून ती काही मागतही नव्हती. शेवटी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनीच खोदून विचारलं, "खावंसं काय वाटतं?" तेव्हा भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "डब्यातला टूना."

मालक उंबऱ्यात उभे होते. त्यांनी विचारलं, "टूना म्हंजे?"

"मासा, अण्णा."

पाटीच्या नियमाप्रमाणे आता बोलणंही बंद होतं.

"तोच का?" मालकांनी विचारलं. "कारण?"

"कारण न्हाय, अण्णा. खावंसं वाटतंय."

हे मला नंतर शुभानंच सांगितलं. ती म्हणाली, अण्णांचा चेहरा असा झाला जसा आई समोर उभी राहिल्यावर व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. खाऊ दे. पण मोठ्या जातीच्या माशात पारा साठतो, म्हणून डब्यावर 'पांढरा' असं लिहिलेला नको. 'लाइट' लिहिलेला, लहान जातीचा, तांबूस घ्या. पाण्यातला बरा, खारवलेला नको, पाय सुजलेत. आणि आठवड्यातून दोनदा, जास्त नाही. मालकांनी हे सगळं पाठ करून टाकलं. आयुष्यात त्यांच्याकडं इतक्या स्पष्ट अटींची मागणी आली नव्हती.

त्या संध्याकाळी मालक पहिल्यांदा जिना चढून माझ्या दाराशी आले.

"तुमी अंडी खाता," ते म्हणाले.

मी म्हणालो, "माफ करा."

"दर दुसऱ्या रविवारी बटाटे उकडायलात. बटाट्याची भाजी कदी केली न्हाय. कारण?"

"माफ करा, मालक. मी महिनाअखेर खोली..."

"अंडी खाणारा मासे बी खात आसंल."

मी मान डोलावली. आता खोटं बोलून काय उपयोग होता?

"लई बरं झालं," असं म्हणून मालक माझ्या खाटेवर बसले. "तुमाला समितीत घेतलं."

समितीत दोघं. अध्यक्ष ते, कारण निवड त्यांना येत होती. सदस्य मी, कारण चव मला घेता येत होती. "आन् नमुने तपासायचं तुमचं कामच हाय," ते म्हणाले. "माती काय आन् मासा काय." मी म्हणालो, लेकीलाच का विचारत नाही, कुठला ते? मालकांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. ज्याला माल वापरायचाय त्याला समितीत घेता येत नाही. हा नियम त्यांनी हयातभर पाळला होता.

आधी आम्ही कोपऱ्यावरच्या चाचांच्या दुकानात गेलो. चाचा मालकांच्याच वयाचे, दोघं एका शाळेतले. मालकांनी आवाज खाली आणून विचारलं. चाचांनी तराजू खाली ठेवला.

"मच्छी? तुमको? कयामत आ गई क्या रे?"

"हळू बोल."

"कायकू होना तुमको?"

"शुभीला डोहाळे लागलेत."

चाचांचा चेहराच बदलला. "अरे, तो पहले बोलते. डोहाळा बाकी रहा तो बच्चे का कान बहता, मालूम है ना?" मग म्हणाले, इथं कुणी ठेवत नाही, सोलापूरला मोठ्या दुकानात मिळेल. आम्ही निघालो तर मागून हाक मारून एक लिंबू दिलं. "इस पे निचोडने का. मेरी तरफ से."

सोलापूरचं ते दुकान म्हणजे काचेचा महाल. टूनाच्या डब्यांची अख्खी फळी होती. साध्या पाण्यातला, मिठाच्या पाण्यातला, सूर्यफुलाच्या तेलातला, मिरचीच्या तेलातला. तुकडे, चुरा. लाइट, पांढरा. मालकांनी खिशातून रुमाल काढला, रुमालात धरून एक डबा उचलला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी ते तेज बघितलं जे निवृत्तीनंतर कचेरीत राहून गेलं असावं. इतक्या जाती! इतके फरक! माणूस माळ विसरून फळीपुढं उभा होता.

दुकानातली मुलगी आली. "काका, कुठला देऊ?"

"एकेक डबा हातात घ्यायचा," मालक म्हणाले, "आन् हाच का घ्यावा त्याचं कारण सांगायचं."

मुलगी बिचकली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "माफ करा."

"हा... हा जास्त खपतो."

"इतरांनी घेतला हे कारण न्हाय. पुढचा."

"हा तिखट आहे."

"हां! हे कारण हाय."

एकेका डब्याशी ती मुलगीही रंगात आली. शेवटी शेवटी तर ती डबा छातीशी धरून त्याची वकिली करत होती. आजूबाजूला गिऱ्हाइकं जमली. एक बाई म्हणाली, माझ्या मांजराला हा आवडतो. मालकांनी तिचंही म्हणणं ऐकून घेतलं.

मी हळूच म्हणालो की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला 'लाइट, पाण्यातला' इथं समोर आहे, तो घेऊन निघूया. मालक म्हणाले, "बाकीच्यांना न बघता नाकारायचं? पांढऱ्यानं काय घोडं मारलं? स्पर्धा खुली पायजे." मग पाच प्रकारांचे दोन दोन डबे घेतले. एक नमुना, एक राखीव. रीतच तशी.

येताना एसटीत पिशवी माझ्या मांडीवर. मालक तिच्यापासून थोडे सरकून, खिडकीकडं बघत. तामलवाडीला चढलेली एक म्हातारी माझ्याशेजारी टेकली, पिशवी चाचपली आणि म्हणाली, "तुपाचे डबे काय रं?"

मी मालकांकडं बघितलं. हयातीत ते खोटं बोलले नव्हते.

"लेकीचं औषध हाय," मालक खिडकीतून बाहेर बघत म्हणाले.

"गुण येऊ द्या," म्हातारी म्हणाली आणि पिशवीला हात लावून पाया पडली.

आता चुकीकडं येतो. ही चूक जन्मभर भांडार सांभाळलेला माणूसच करू शकतो.

डब्यांवरचे कागद रंगीबेरंगी होते. चित्रं बघून समितीचं मन एकीकडं झुकू नये, म्हणून मालकांनी दहाही डब्यांवरचे कागद सोलून काढले आणि बुडावर खडूनं क, ख, ग, घ, ङ अशी अक्षरं घातली. कुठलं अक्षर कुणाचं ते फक्त त्यांना पाठ. मी फक्त अक्षरं बघायची, चव घ्यायची, मत द्यायचं. गच्चीवर, दुपारी, शुभा झोपलेली असताना बैठक भरली. मालक दुसऱ्या टोकाला, उपरणं नाकाला लावून. मी पत्रावळीवर पाच ढिगल्या घेऊन बसलो.

खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत अपराधी मेजवानी होती. खाली एक पोर उपाशी, आणि मी वर चमच्यानं मासे खातोय, तेही मासे-बंदीची पाटी लावणाऱ्याच्या देखत. आणि चव, काय सांगू, चव मस्त होती. मिरचीच्या तेलातल्याला मी पुन्हा पुन्हा तपासलं.

"शेरा?" मालक लांबून.

"घ उत्तम आहे."

"ते मिरचीचं आसंल. पोटात आग पडंल तिच्या. पुढं."

शेवटी ग ठरला. मऊ, तांबूस, बेताचा, मीठ नाही. मालकांनी डोळे मिटून मनातली यादी ताडून बघितली आणि त्यांचा चेहरा फुलला. "ग म्हंजे लाइट, पाण्यातला! डॉक्टरीणबाई आन् समिती एक झाली." मग रीतीप्रमाणे ते एकेका ढिगलीकडं वळून म्हणाले, "क, तुमाला नाकारलं. कारण, मीठ. ख, तुमाला नाकारलं. कारण, तेल." ङ म्हणजे पांढरा. त्याला त्यांनी पाऱ्याचं कारण जरा हळू आवाजात सांगितलं.

आम्ही राखीव ग आणायला खाली गेलो. भिंतीतल्या देवळीत पाच डबे चांदीसारखे चमकत होते. मालकांनी एक उलटा केला. दुसरा. तिसरा. पाचही.

बुडं स्वच्छ.

"मालक, अक्षरं?"

मालक मटकन् खाली बसले. नमुने परस्पर गच्चीवर गेले होते, पण राखीव पाच घरात घ्यायचे म्हणून आदल्या संध्याकाळी, अक्षरं घातल्यावर, त्यांनीच ते चिंच आणि राखेनं घासून घासून धुतले होते. माळकरी माणसानं ज्या भक्तीनं धुवावं त्या भक्तीनं.

मी म्हणालो, हरकत नाही, वरचा उघडलेला ग आहेच, आणतो. पळत गच्चीवर गेलो. गल्लीतली एकूण एक मांजरं तिथं हजर होती. समितीचा निर्णय त्यांना मान्य नव्हता, त्यांनी पाचही ढिगल्यांना समान न्याय दिला होता. पत्रावळ मी झाकून ठेवायला हवी होती. मी मांजरांनाही 'माफ करा' म्हणालो असेन, आता आठवत नाही.

खाली येऊन म्हटलं, "पाचही राखीव फोडू. बघितल्यावर कळेलच."

"न्हाय," मालक म्हणाले.

"कारण?" हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मी जीभ चावली.

मालक डब्यांकडं बघत होते. "जीव हाय त्यात, प्रयोगशाळा. वरचे पाच झाले ते झाले, आता लेकीसाठी एक मेला तर एकच मरू द्या. चार उगाच फोडून फेकायचे?" आणि त्यांनी एक डबा उचलला, उघड्या हातात, रुमालाशिवाय, आणि कानाला लावून हलवला.

डबळक्.

दुसरा हलवला. त्याच्यात काहीच घाई नव्हती. "हा तेलातला," ते म्हणाले. "तेल आळशी आसतंय." मग आम्ही दोघं भिंतीला टेकून पाच डबे आळीपाळीनं कानाला लावत बसलो. तेलातले दोन बाजूला झाले. पाण्यातले तीन उरले. त्यांत एक खारट, एक पांढरा, एक आपला. कान लाल झाले. मालक एक डबा या कानाला, एक त्या कानाला लावून, डोळे मिटून डोलत होते, आणि त्यांच्या तोंडातून "ग... ग... ग..." असा जप चालला होता.

दारातून हसण्याचा आवाज आला.

शुभा चौकटीला धरून उभी होती. ती इतकी हसत होती की तिला पोट धरावं लागलं. आल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. मालकांनी डबे कानांवरून काढले नाहीत. नुसते बघत राहिले.

"अण्णा, काय करायलात?"

"तुजं जेवण शोधायलोय."

ती भिंतीला धरून खाली बसली, डोळे पुसले आणि हात पुढं केला. तिन्ही डबे एकेक करून कानाशी हलवले. "हा न्हाय. पांढऱ्याचा एकच गठ्ठा असतोय, तो ठप्पकन् आपटतो, ऐका." मग उरलेल्या दोनांपैकी एक डोळ्यांशी नेला, बुडाला कोरलेली बारीक अक्षरं बोटानं चाचपली. ती अक्षरं कारखान्यातच कोरलेली होती आणि मालकांच्या चिंचेला पुरून उरली होती. आमच्या समितीला ती दिसलीच नव्हती. "हा," ती म्हणाली. "आता कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची. आन् लिंबू."

चाचांचं लिंबू होतं. कांदा मालकांनी चिरला. खोबरं मालकांनी खवलं, इतकं बारीक की खवणीही दमली असेल. तिनं डबा उघडला. आत तांबूस तुकडे. तिनं सगळं हातानं कालवलं, कडक भाकरी चुरून त्यात घातली. तिकडं सकाळच्या न्याहारीला असंच खातात म्हणे, फक्त भाकरी गव्हाची असते.

आणि ती जेवली. आम्ही समोर बसलो होतो. मालकांच्या मांडीवर बादली होती, उलटी झाली तर हाताशी असावी म्हणून. तिच्या प्रत्येक घासाला बादली थोडी पुढं सरकायची आणि घास खाली उतरला की मागं यायची. शेवटचा चुरा तिनं बोटांनी पुसून खाल्ला. आम्ही थांबलो. बादली रिकामीच राहिली.

मालकांनी बादली बाजूला ठेवली, उठले आणि अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. मग जिन्यातली पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी ती परत लागली तेव्हा खाली एक ओळ वाढली होती, 'समितीने मान्य केलेले वगळून.' मी त्याच दिवशी अंडी आणली, उघड्या पिशवीतून. समितीची मान्यता आधी घेतली होती.

डोहाळजेवणाला ओसरी बायकांनी भरली होती. फुलांची वाडी भरून शुभा पाटावर बसली होती. गाल भरले होते, बांगड्या हातावर पुन्हा घट्ट बसत होत्या. सासूबाई बार्शीहून आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर शुभाचे कपडे नेण्यासाठी म्हणून एक रिकामी बॅगही. ती दाराशी ठेवलेली सगळ्यांना दिसत होती.

झाकलेल्या वाट्या आणल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण ताटात वाट्या तीन होत्या.

"तिसरी कशाला वो?" बायका विचारू लागल्या.

"तीनपेक्षा कमी चालत न्हाय," मालक बायकांच्या मागून म्हणाले.

शुभानं तिसरी उचलली. खाली डबा, घासून चकचकीत केलेला, वर हळदी-कुंकवाचं बोट. ओसरीवर एकच गलका झाला. कुणी म्हणे चांदीचं काही आहे, कुणी म्हणे हे काय असलं. सासूबाईंनी हात वर केला आणि गलका थांबला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "थट्टा पुरं. पोरीला न्यायला आलेय मी. आमच्याकडं हिच्या दोन जावा हायेत, मी हाय. इथं तुमी एकटे. हिनं इथंच का ऱ्हायचं? तुमी सगळ्याला कारण विचारता म्हणं. आता तुमी सांगा. कारण?"

मी खांबाजवळ उभा होतो. मालकांकडं कितीतरी कारणं असतील असं मला वाटत होतं. दवाखाना जवळ आहे, डॉक्टरीणबाईंना केस ठाऊक आहे, त्यांनी पथ्यही सांगितलंय. ती सगळी त्यांना पाठ होती. त्यांनी शुभाकडं बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडं.

"कारण न्हाय," मालक म्हणाले. "तिला ऱ्हावंसं वाटतंय."

सासूबाईंनी ताटातला डबा उचलला, उलटसुलट केला. "आन् हे काय हाय?"

मालक बायकांमधून वाट काढत पुढं आले. डबा हातात घेतला, टोपी जरा वर सरकवली, कानाला लावून हलवला. सगळी ओसरी श्वास धरून ऐकत होती.

"पाण्यातला," ते म्हणाले. "तुकड्यांचा. मीठ न्हाय. कालच एक खाल्लाय, म्हणून हा परवा."

सासूबाईंनी शुभाच्या भरलेल्या गालाला हात लावला. मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं बघितलं.

"ऱ्हा बाई तू इथंच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं डब्याला कान लावून बसायला कुणाला सवड हाय?" आणि झाकली वाटी उचलून खालची बर्फी स्वतःच खाऊन टाकली.

नंतर माझी बदली ईटजवळच्या भूमला झाली. आता घरी राहतो, माती तपासतो, अपराध वाटून घेतो. मालकांचा अधूनमधून फोन येतो. 'हॅलो' वगैरे नाही. पलीकडून नुसता डबा हलवल्याचा आवाज येतो आणि प्रश्न, "तेलातला का पाण्यातला?" मी चुकलो की ते मला नाकारतात, कारण सांगून. शुभा बाळंत होऊन, बाळाला घेऊन मालदीवला जाऊन आली, आता सुट्टीला आलीय म्हणे.

परवा प्रयोगशाळेत मातीचं पाणी ढवळत होतो तर फोन वाजला. पलीकडून आवाज आला, पण नेहमीचा नाही. डबळक् नाही, ठप्प नाही. कोरडा, नाचरा, खुळखुळ.

"तेलातला?" मी म्हणालो.

"न्हाय."

"पाण्यातला."

"न्हाय."

"माफ करा, मालक. ओळखू येत नाही."

त्यांच्या मागून एक बारीक चीत्कार ऐकू आला, आणि मग खुळखुळ पुन्हा, या वेळी भलत्याच वेगानं, कुणीतरी दोन्ही हातांनी हाणल्यासारखी.

"रिकाम्या डब्यात चिंचोके हायेत," मालक म्हणाले. "नातीचा खुळखुळा. कडा घासून घेतल्यात, झाकण कथलाचा डाख लावून पक्कं केलंय. बाजारातले तीन आणले व्हते. तिनं तिन्ही फेकून दिले, हाच धरून बसलीय."

"कारण?" मी विचारलं.

पलीकडं मालक हसायला लागले. इतके हसले की फोन त्यांच्या हातातून सुटला असावा, कारण मग बराच वेळ मला फक्त ते चिंचोके ऐकू येत होते.